न सांडणारे पाणी

हॅलो? … हॅलो? … कोण बोलते आहे? … हे पाहा, हा नंबर माझ्या ओळखीचा नाही. मला कर्ज नको, विमा नको, आणि शहापूरला प्लॉटही नको. मी मीराबाई रोकडे बोलते आहे, निवृत्त मुख्याध्यापिका, आंबिवली. आपण कोण ते आधी सांगा. …

… दक्षता?

… थांब. थांब हं जरा. दगडाबाई, तो टीव्ही बंद करा. बारीक नव्हे, बंद. आमच्या नातीचा फोन आहे. … हो, तीच. वरून. …

बोल बाळ. शेजारच्या दगडाबाई आल्या आहेत, त्यांना सांगत होते. … हॅलो? … अगं बोल ना. … हां, आला आवाज. दोघी एकदम बोललो. … ठाऊक आहे मला. तुझा आवाज आधी कुठल्या तरी उपग्रहावर जातो, तिथून खाली येतो आणि मग आंबिवलीला पोहोचतो. मागच्या वेळी तुझ्या बाबाने, राकेशने समजावले होते. तेव्हा आता शिस्त पाळू. तुझे बोलून झाले की तू 'झाले' म्हणायचे. मग मी बोलेन. माझे झाले की मी म्हणेन. झाले.

… हसू नकोस. … हसलीस, पण 'झाले' कुठे म्हणालीस?

… बरे. जेवलीस का? … पाकिटातले. … आवाज काही फार उत्साहाचा वाटत नाही. … बरे, आत्ता आहेस कुठे? … नाही, ते कळते मला, अंतराळ स्थानकातच असणार. खाली काय आहे, असे विचारते. … आफ्रिका. … वाळवंट. … म्हणजे मी फोन उचलला तेव्हा तू समुद्रावर होतीस आणि मला कर्ज नको म्हणेपर्यंत आफ्रिकेत शिरलीस. … आणि इकडेच येते आहेस? … आमच्या डोक्यावरून? … दगडाबाई, ती आपल्या घरावरून जाणार आहे. … अहो, गच्चीत जाऊन काय करता, दिवसाउजेडी दिसत नाही ते. बसा खाली, मेथी निवडा.

… हो, ऐकते आहे. … आमच्यावरून पुढे गेलीस की लाइन तुटेल. समजले. म्हणजे वेळ थोडा आहे. मग मला सांग, आई-बाबा घरी नाहीत हे तुला ठाऊक होते का? … होते. प्राप्तीच्या बाळाचे नामकरण आहे, दोघे कोलशेतला गेले आहेत, हेही ठाऊक होते. दोघांच्याही खिशात मोबाइल आहे. तरी तू माझ्या फोनवर लावलास. … दक्षता, घरच्यांना चुकवून मुले थेट माझ्या ऑफिसात यायची, तेव्हा काय झालेले असायचे ते मी दाराशीच ओळखत असे. काय चुकले?

… बोल. …

… पाण्याचे. … बरोबर. ते मालवाहू यान येऊन लागले आहे, त्यातले पाणी नळीने तुमच्या स्थानकातल्या पिशव्यांत भरून घ्यायचे, आणि ते काम तुझ्याकडे. हे सगळे मला पाठ आहे, आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला सांगून झाले आहे. पुढे. … पिशवी. … खूण असते. खुणेला थांबायचे. … आणि तू खुणेच्या पुढे गेलीस. … बरीच पुढे. … मग? … तोंडाशी जोड निसटला. … 'लीक झाला' म्हणू नकोस, प्लंबर आहेस का तू?

… आहेस?

… बरे. वर निम्मे काम प्लंबरचेच असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दगडाबाई, मेथीकडे पाहून हसा.

किती सांडले? … सांडले नाही? … अगं, जोड निसटला आणि पाणी सांडले नाही, हे कसे होईल? … पडलेच नाही. … खाली असे काही नाहीच तिथे. … विसरते मी. तू कितीदा सांगितलेस, तरी पाणी म्हटले की ते खालीच जाणार, असे मनात घट्ट बसले आहे. … मग त्याचे झाले काय?

… गोळा. … नारळाएवढा. … थरथरत होता. … आतून उजेड दिसत होता? … दगडाबाई, पाण्याचा गोळा झाला, हवेत. … नाही, बर्फाचा नव्हे हो, पाण्याचाच. … दगडाबाई म्हणतात, पातेले धरायचे खाली. … पातेल्याचा काही उपयोग नाही म्हणते. ते पातेल्यात पडणार कसे, पडणेच नाही तिथे. … आणि तो गोळा चालला होता कुठे? … विजेच्या खोक्यांकडे. … सावकाश. … आणि तू?

… हात मध्ये घातलास. …

… हातावर चढले? … चढले म्हणजे? … बोटांवरून मनगटावर. … कोपरापर्यंत. मोज्यासारखे. … आणि झटकले तरी सुटेना.

…

नाही, ऐकते आहे मी. बोल तू. सावकाश बोल.

… तुमच्या कप्तानबाईंनी तोटी बंद केली. … रागावल्या? … नाही. … टॉवेलांनी टिपून घेतलेत. … आणि ते टॉवेल? … वाळत घातलेत आणि त्यांतले पाणी हवेत गेले, आणि हवेतले पुन्हा तुमच्या यंत्रात आले. … म्हणजे थेंबही वाया गेला नाही. … दक्षता, मग रडायचे काय आहे त्यात?

… दगडाबाई, आत्ता नको. … अहो, आत्ता नको म्हटले ना. … बरे. दगडाबाईंना एक विचारायचे आहे, त्यांना गप्प करण्याचा तेवढाच मार्ग आहे. पेपरात आले होते ते खरे का, तुम्ही वर… लघवी गाळून पिता म्हणून. …

… खरे आहे, दगडाबाई. … घामही. … श्वासातली वाफसुद्धा. … सगळ्यांचे एकत्रच? … म्हणजे तुमच्यातला तो जपानी मुलगा श्वास सोडतो, त्याचे पाणी होते आणि ते तू पितेस. … आणि तुझ्या घामाचा चहा कप्तानबाई पितात. … प्रत्येकाची टाकी वेगळी नाही? … तसे करताच येत नाही. … कोणते पाणी कोणाच्या अंगातून आले, हे तुमच्या यंत्रालाही सांगता यायचे नाही. …

दगडाबाई, तोंड वाकडे करू नका. … मला? मला कसली किळस. मी विचार करते आहे. … कशाचा ते सांगेन. आधी तू सांग. तू खुणेला थांबली का नाहीस?

… त्यांना काय सांगितलेस? … लक्ष नव्हते. … त्यांनी मानले? … मी मानत नाही. तू दुसरीत असताना माझ्या पिशवीतल्या चिल्लरीवरून सांगायचीस की आजी बाजारात कुठे कुठे थांबली होती. तुझे लक्ष नव्हते, असे मला कोणी स्वर्गातून फोन करून सांगितले तरी मी… हो, तेच करते आहेस तू. हसू नकोस. खरे काय ते सांग.

…

… सांग.

… लक्ष होते. … खूण दिसत होती. … तोटीवर हात होता. … आणि?

… पाणी येत होते. … पिशवीत अजून जागा होती. … आणि बंद करवेना.

… कळले.

… नाही, आणखी समजावू नकोस. मला कळले, आणि मलाच कळणार होते, म्हणून तू मला फोन केलास. त्या लोकांना सांगून त्यांना काय कळणार? त्यांच्या घरी पाण्याची वेळ नसते.

… आठवते ना. इथे नळाला पाणी आले की पहिली हाक मी तुला मारायचे. पिंप, हंडे, कळशा, बादल्या झाल्या की तू पातेली लावायचीस, मग वाट्या, मग चहाचे कप. एकदा आईची फुलदाणीही भरून ठेवली होतीस, फुलांसकट. स्वप्ना चिडली होती. मी नव्हते चिडले. … हो, वाक्य माझेच. नळ चालू असताना घरात रिकामे भांडे दिसता कामा नये. … मी ते मागे घेत नाही. चुकीचे काहीही शिकवलेले नाही मी. इथे ते बरोबरच होते.

… काय? … पुन्हा सांग, आवाज तुटला. … उरलेले पाणी. … यान परत जायच्या आत भरून व्हायला हवे. … आणि कप्तानबाई विचारणार आहेत, पुढचे तू करणार की तो जपानी मुलगा. … केव्हा सांगायचे आहे? … हा फोन झाला की.

… आणि तू ठरवले आहेस, त्याला द्यायचे.

… हात पुन्हा अडेल, म्हणून. … दक्षता, मला विचारायला फोन केलास, की कळवायला? …

… बरे. मग ऐक. हे मी राकेशलाही सांगितलेले नाही. सांगावे असे त्यात काही वाटले नाही कधी. मध्ये बोलू नकोस, नाहीतर आवाज आदळतात.

खडवलीच्या पलीकडे आमचे गाव. गावात विहीर होती, तिला बारमाही पाणी. माझी आई, म्हणजे तुझी पणजी, तिथे हंडा घेऊन जायची आणि काठापासून लांब उभी राहायची. तिने पोहरा सोडायचा नाही, काठावर पाय ठेवायचा नाही. कोणी पाणी ओढायला येईल, त्याच्या मनात आले तर तो वाढील. वाढायचे म्हणजे वरून ओतायचे. आईचा हंडा जमिनीवर, ओतणाऱ्याचा हात खांद्याएवढा उंच, आणि मध्ये नुसती धार. भांड्याला भांडे लागता कामा नये. …

… हो. आपल्यालाच. आणखी कोणाला? …

प्यायचे असेल तर ओंजळ धरायची. मीही धरली आहे. मी लहान होते, बोटे नीट जुळायची नाहीत. तोंडाशी येईपर्यंत निम्मे पाणी सांडून गेलेले असायचे, आणि ओतणारी बाई दुसऱ्यांदा ओतेलच असे नसायचे. …

… रडू नकोस. तिथे डोळ्यातले पाणी तरी खाली पडते का? … डोळ्यातच साचते? … गोळा होऊन बसते. … मग तर अजिबात रडू नकोस. पूस ते. … पुसलेस? … त्याचाही उद्या चहा होईल, असे दगडाबाई म्हणतात. … हां, हसलीस. आता पुढचे ऐक.

आई कधी 'पुरे' म्हणायची नाही. हंडा काठोकाठ भरला, वरून वाहू लागला, तरी नाही. पुढचा ओतणारा केव्हा येईल, हे तिच्या हातात नव्हते ना. धार चालू आहे तोवर आपले पाणी. पुढे आम्ही बुद्धाला शरण गेलो, मी शिकले, मास्तरीण झाले, घरात माझा स्वतःचा नळ आला. सगळे बदलले. पण नळ बंद करताना माझा हात अजून रेंगाळतो. … रेंगाळतो. तू पाहिले आहेस, म्हणून तर तुझ्यात आला. तोटीवर तो तुझा एकटीचा हात नव्हता, दक्षता. त्या खूण आखणाऱ्या लोकांना हे माहीत असण्याचे कारण नाही. …

… आता मी विचारते, तू उत्तर दे. नीट, विज्ञानाप्रमाणे उत्तर दे. तिथे एकाला दुसऱ्याच्या हातावर वरून पाणी ओतता येते का?

…

… येत नाही. …

… वर असे काही नाही. … धार धरतच नाही. … मग एका भांड्यातले दुसऱ्यात द्यायचे कसे? … जोडूनच. … नळीचे एक तोंड इकडे, एक तिकडे, दोन्ही घट्ट. … मध्ये बोटभर अंतर राहिले तर? … तर जात नाही. गोळा होऊन बसते तिथेच. … म्हणजे भांड्याला भांडे लागल्याशिवाय तिथे पाणी द्यायची सोयच नाही. … कोणालाच. कप्तानबाईंनाही. …

…

… आहे, आहे मी फोनवर. जरा खुर्ची घेते. … नाही, बरी आहे मी. दगडाबाई, काही नको, बसा तुम्ही. … मी इतकी वर्षे भूगोल शिकवला, गुरुत्वाकर्षण शिकवले. पाणी उताराकडे जाते, हे फळ्यावर बाण काढून शिकवले. अशी एक जागा असेल, आणि तिथे माझ्या घरातली मुलगी असेल, हे… थांब, वाक्य पूर्ण होत नाही माझे. होईल नंतर.

… ते पाणी तुझ्या हातावर चढले, तेव्हा गार होते? … कोमट. … आणि सुटतच नव्हते. … तू हात हलवलास, तरी धरून होते. …

… पुन्हा सांग ते. … नाही, कळले मला. पुन्हा ऐकायचे आहे, म्हणून.

… काय दिसते आता? … किनारा आला. … ढग आहेत? … मुंबई इतकी लहान? … खाडी दिसते. … आणि तिला येऊन मिळते ती रेघ म्हणजे उल्हास. … दगडाबाई, उल्हास नदी दिसते आहे तिला. सगळीच्या सगळी, एका वेळी. … त्या रेघेच्या वरच्या अंगाला एक बारीक फाटा असेल, ती भातसा. त्याच्या जवळपास ती विहीर. … नाही, दिसायची नाही. आणि शोधू नकोस, तेवढी मोठी गोष्ट नाही ती. तुझ्या खिडकीतून तर नाहीच.

… कप्तानबाई आल्या? … तिथेच आहेत? … मग सांग त्यांना. … मी नाही सांगणार. इंग्रजी मला उत्तम येते, पण उत्तर माझे नव्हे. … तू त्याला काम दिलेस तरी तू माझी नातच आहेस, आणि संध्याकाळी तुझ्या आईला मी एवढेच सांगेन की पोरगी जेवली. ते तुझे तू ठरव. पण फोन कानापासून लांब धर, मला ऐकायचे आहे. …

…

…

… ऐकले.

… दगडाबाई, ती म्हणाली, हे मी सुरू केले आहे, मीच पुरे करीन. … इंग्रजीत म्हणाली. … हो, बाई 'गुड' म्हणाल्या. … एवढेच. मोठी माणसे थोडेच बोलतात.

दक्षता. आता भरभर ऐक, आवाज तुटायला लागला आहे. खूण पुन्हा येईल, आणि हात पुन्हा अडेल. … अडणारच. एका फोनने जायचे नाही ते. तेव्हा तोंडाने 'पुरे' म्हण आणि तोटी फिरव. … मराठीतच म्हण. त्यांना काही वाटणार नाही, आणि वाटले तर वाटू दे. … अगं, कारण आपल्या घरात पाण्याला तो शब्द अजून कोणी म्हटलेला नाही. आईने नाही, मी नाही. पिशवीत थोडी जागा राहिली तर राहू दे. तुझ्या वाट्याचे पाणी तिथे कोणी नेत नाही. ते सगळ्यांच्या अंगातून फिरून तुझ्याकडेच येणार आहे. …

… आत्ता म्हणून दाखव. मला ऐकू दे. …

…

… हां. … पण पुटपुटलीस. शेवटच्या बाकापर्यंत गेले पाहिजे. पुन्हा, खणखणीत. …

… हॅलो? …

… हॅलो? … दक्षता? …

…

… नाही हो दगडाबाई, कापला नाही कोणी. पुढे गेली ती, आपल्यावरून. … म्हणाली ना. एकदा म्हणाली, तेवढे मी ऐकले. … दुसऱ्यांदाही म्हणाली असेल. वाटेत असेल ते अजून. … थांबा, बोलू नका जरा. ठेवत नाही मी एवढ्यात.